स्वर्गीय नर्तक : प्रसार व उपजाती

स्वर्गीय नर्तक : पॅसेरिफॉर्मीस गणाच्या मॉनार्किडी कुलातील एक कीटकभक्षी पक्षी. याचे शास्त्रीय नाव टर्प्सिफोनी पॅराडिसी असे आहे. तुर्कस्तान व अफगाणिस्तानपासून हिमालयाच्या पश्चिम भागातून भारताच्या द्वीपकल्पात आणि पुढे श्रीलंकेपर्यंत तो आढळतो. महाराष्ट्रात तो सह्याद्रीच्या झाडीत, सातपुड्यात व विदर्भातील पानझडी वनांत दिसतो. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील बोर अभयारण्याच्या पक्षिसूचीतही त्याची नोंद आहे. हिंदीत त्याला दूधराज किंवा शाह बुलबुल म्हणतात व मध्य प्रदेशाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. बुलबुलाशी त्याचे काहीही नाते नाही. डोक्यावरच्या तुऱ्यामुळे हे नाव पडले असावे.

शेपटीची लांब पिसे सोडली, तर हा पक्षी बुलबुलाएवढा, म्हणजे सुमारे १९ ते २२ सेंमी. लांब असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे डोके व तुरा निळसर झाक असलेला चकचकीत काळा असतो आणि डोळ्याभोवती निळे कडे असते. त्याच्या शेपटीतील मधली दोन पिसे फितीसारखी वाढून २४ ते ३० सेंमी. होतात. उरलेल्या अंगाचा रंग दोन प्रकारचा असतो. काही नर पाठीवर व शेपटीवर तांबूस-तपकिरी, तर काही संपूर्ण पांढरेशुभ्र असतात. मादी तांबूस रंगाची, आखूड शेपटीची व करड्या गळ्याची असते. तिच्याकडे पाहून ती या नराची जोडीदारीण असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. एकाच जातीतील ही दोन रूपे आणि त्यांचे निरनिराळ्या प्रदेशांतील निरनिराळे प्रमाण यांचा उलगडा करण्यात दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. या पक्ष्याच्या उपजातींचा इतिहास बव्हंशी त्या उलगड्याचा इतिहास होय.

अठराव्या शतकात पूर्वेकडून यूरोपात जाणाऱ्या वाळवलेल्या कातड्यांबरोबर हा पक्षी प्रथम तिकडच्या संग्राहकांच्या हाती पडला. लांब पिसांमुळे त्याचा संबंध न्यू गिनीच्या स्वर्गपक्ष्यांशी जोडण्यात आला. इंग्रज चित्रकार व निसर्गअभ्यासक जॉर्ज एडवर्ड्‌झ यांनी त्या शतकाच्या मध्यास आपल्या ग्रंथात त्याचे चित्र कबऱ्या स्वर्गपक्ष्याच्या नावानेच दिले. १७५८ मध्ये कार्ल लिनीअस यांनी सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला कॉर्व्हस पॅराडिसी हे नाव दिले व त्याची गणना कावळ्यांत केली. पुढील काळातील पक्षिशास्त्रज्ञांना ही चूक वाटली. रुंद, चपटी चोच, चोचीच्या मुळाशी असलेले राठ केस आणि उडता कीटक हवेतच टिपण्याची रीत यांवरून त्यांनी त्याला माशीमार पक्ष्यांत नेऊन बसविले. १८२७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ग्लोगर यांनी टर्प्सिफोनी हा वंश स्थापिला. सुखद आवाजाचा असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ होतो. हे नाव त्याच्या गाण्यास शोभत असले, तरी त्याची नेहमीची हाक कर्कश आहे आणि झाडीत तो दिसण्यापूर्वी बहुधा तीच ऐकू येते. मॅलॅगॅसी भाषेतील नावावरून लेसन यांनी १८३१ मध्ये बनविलेले चिट्रिया हे वंशनामही एकोणिसाव्या शतकातील भारतीय पक्षिग्रंथांत दीर्घकाळ वापरात होते.

माशीमारांचे म्युसिकॅपिडी हे कुल पुढे फार पसरट झाले आणि कीटक टिपणाऱ्या वाटेल त्या लहान पक्ष्याला त्यात जागा मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्‌स सिब्ली व जॉन आल्‌क्विस्ट यांनी डीएनए रेणूंच्या तुलनेवरून पक्ष्यांच्या वर्गीकरणाची पुनर्मांडणी केली. त्यांचा मुख्य ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वर्गीय नर्तक व त्याचे आप्त हे खऱ्या माशीमारांचे जवळचे नातलग नसून कावळे, खाटीक व कोतवाल यांच्या मोठ्या समूहात मोडतात, असे त्यातून दिसून आले व नंतरच्या संशोधनाने ते पक्के झाले. लिनीअस यांनी केवळ बाह्य रूपावरून, आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी, जे केले होते त्याच्या आसपास शास्त्र अडीचशे वर्षांनी परत आले, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मराठीत मात्र त्याला माशीमार म्हणण्याची रूढी कायम आहे आणि त्याची राहणी पाहता ती सोडण्याचे कारण नाही.

भारतात या पक्ष्याचा अभ्यास प्रथम लष्करी अधिकारी व शल्यचिकित्सक यांनी केला. कर्नल साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. मद्रासच्या सैन्यातील शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन हे १८३० नंतरच्या दशकात जालना येथे होते आणि द्वीपकल्पातील पक्ष्यांची त्यांची सूची १८३९-४० मध्ये प्रकाशित झाली. १८६२-६४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ पुढे अनेक वर्षे आधारभूत मानला गेला. या आरंभीच्या काळात पांढरे नर व तांबूस नर या दोन स्वतंत्र जाती आहेत, असे अनेकांचे मत होते. दोन्ही रंगांचे नर एकाच प्रकारच्या तांबूस माद्यांबरोबर घरटी करतात, हे ध्यानात आल्यावर ते मागे पडले. त्याच्या जागी वयाचा सिद्धांत आला. पहिल्या वर्षी नर मादीसारखा दिसतो, मग तांबूस अंगावर लांब पिसे येतात आणि अखेरीस चौथ्या वर्षाच्या सुमारास तो पांढरा होतो, असे सांगितले जाऊ लागले. भारतातील सर्वसामान्य पक्षिपुस्तकांत विसाव्या शतकातही बराच काळ हेच वाचावयास मिळत असे.

या सिद्धांताला खरा अडथळा श्रीलंकेत होता. तेथे वर्षभर राहणारे सर्व नर तांबूसच असतात. त्यांतील एकही वयाने पांढरा होत नाही. तरीही दर हिवाळ्यात त्या बेटावर पांढरे नर दिसतात. ते भारताच्या मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून आलेले पाहुणे असतात आणि वसंत ऋतूत परत जातात. सिंहली लोकांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. पांढऱ्याला ते वस्त्र चोरणारा व तांबड्याला अग्नी चोरणारा अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. निकोलाय झारुद्‌नी व हेर्म्‌स यांनी १९१२ मध्ये श्रीलंकेतील निवासी पक्ष्यांना सिलोनेन्सिस हे उपजातिनाम दिले. त्यामुळे रंग हा केवळ वयाचा प्रश्न नसून त्याला प्रादेशिक व आनुवंशिक बाजू आहे, हे मान्य करणे भाग पडले. १९६३ मध्ये डी. एफ्. ओवेन यांनी या पक्ष्याच्या तांबूस व पांढऱ्या रूपांचा स्वतंत्र लेखात परामर्श घेतला. आज सामान्यतः असे मानतात की, दोन्ही रंगांचे लांब शेपटीचे नर वीण करतात आणि पांढऱ्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. तरुण नर आखूड शेपटीनेही जोडी जमवितो, हे ध्यानात घेतले नाही तर तांबूस पक्ष्यांच्या घरट्यावर दोन माद्या असल्याचा भास होतो. जुन्या नोंदींत असा घोटाळा झाला नसेलच, असे म्हणता येत नाही.

उपजातींची संकल्पना भारतीय पक्षिशास्त्रात उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात निराळ्या दिसणाऱ्या प्रत्येक प्रादेशिक रूपाला स्वतंत्र जातीचे नाव देण्याची प्रथा होती. विल्यम स्वेन्सन यांनी १८३८ मध्ये वर्णन केलेला ल्यूकोगॅस्टर, म्हणजे पांढऱ्या पोटाचा पक्षी, याच रीतीने नावारूपाला आला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४६ मध्ये मलायाकडील पक्ष्यांना ॲफिनिस हे नाव दिले, तर जॉन गूल्ड यांनी १८५२ मध्ये चीनमधील पक्ष्यांना इन्सेई म्हटले. यूजीन ओट्स यांनी ब्रिटिश भारतातील प्राण्यांविषयीच्या ग्रंथमालेतील १८९० च्या खंडात निकोबार बेटांवरील पक्षी निराळा मानला. या कामाला ए. ओ. ह्यूम यांच्या संग्रहाचे मोठे साहाय्य झाले. १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला त्यांनी दिलेल्या या संग्रहात ऐंशी हजारांच्या आसपास नमुने होते. अनेक ठिकाणांचे पक्षी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उपजात ठरत नाही. त्याच ग्रंथमालेच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९२२-३०) स्ट्यूअर्ट बेकर यांनी त्रिपदी नामपद्धती सर्रास वापरली आणि पूर्वीच्या कित्येक जाती उपजातींच्या पायरीवर आल्या. १९३३ मध्ये डॅनिश पक्षितज्ञ फिन सालोमोन्सेन यांनी ॲफिनिस गटाचा फेरविचार केला व नेपाळ-आसामकडील गडद पक्ष्यांना सॅच्युरेटिऑर हे नाव दिले.

सलीम अली व सिडनी डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात (१९६८-७४) भारतीय उपखंडातील पाच उपजाती दिल्या आहेत. त्यांपैकी महाराष्ट्राच्या दृष्टीने दोनच महत्त्वाच्या आहेत. पॅराडिसी ही नामधारक उपजात मध्य व दक्षिण भारतात वीण करते. तिच्यातील काही पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात व काही श्रीलंकेपर्यंत जातात. ल्यूकोगॅस्टर ही तुर्कस्तान, अफगाणिस्तान व पश्चिम हिमालयात वीण करणारी उपजात असून थंडी सुरू होताच ती सखल प्रदेशात उतरते. म्हणजे ज्या वनात उन्हाळ्यात स्थानिक पक्षी घरटे करतात, त्याच वनातून शरद ऋतूत उत्तरेकडचे पक्षी जाऊ शकतात आणि स्थानिक पक्षी त्याच सुमारास दक्षिणेला निघून गेलेले असू शकतात. झाडाच्या फांदीवर बसलेला पक्षी यांपैकी कोणता, हे दुर्बिणीतून सांगणे सहसा शक्य होत नाही. दोन्ही उपजातींतील भेद रंगाच्या छटेचे व मापांचे आहेत. तांबूस नर व मादी यांच्यात ते थोडेबहुत दिसतात, पांढऱ्या नरात जवळजवळ नाहीतच.

या अडचणीचे सेलू तालुका हे चांगले उदाहरण आहे. वर्धा-नागपूर मार्गावर, बोर नदीच्या काठी वसलेले सेलू हे तालुक्याचे ठाणे असून त्याच्या उत्तरेस हिंगणीजवळ बोर धरण व त्याभोवतालचे डोंगराळ वन आहे. हे वन दक्षिणी उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात साग, ऐन, तेंदू व बांबू हे मुख्य वृक्ष आहेत. उन्हाळ्यात साग व ऐन निष्पर्ण होतात, तेव्हा सावली उरते ती केवळ नाल्यांच्या काठी व जलाशयाच्या कडेला. स्वर्गीय नर्तकाला अशीच जागा लागते. वीण मुख्यतः फेब्रुवारी ते जुलै या काळात होते. घरटे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेल्या, बारीक गवताच्या व मुळांच्या खोलगट पेल्यासारखे असून ते लोंबत्या डहाळीच्या बेचक्यात, पुष्कळदा पाण्याजवळ असते. मादी तीन ते चार अंडी घालते व ती १४ ते १६ दिवसांत उबतात. नरही अंड्यांवर बसतो आणि त्या वेळी त्याची पांढरी फीत घरट्याबाहेर लोंबत राहते. कोतवालाच्या घरट्याच्या आसऱ्याने घरटे करण्याची सवयही त्याला आहे. शत्रूला पिटाळून लावण्यात कोतवाल तरबेज असल्याने हा शेजार त्याच्या हिताचा ठरतो.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला व मध्य प्रांताचा भाग झाला. पक्षिशास्त्राच्या इतिहासात मध्य प्रांताच्या या मराठी भागाची उपेक्षाच झाली. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये मध्य, पश्चिम व दक्षिण भारतातील पक्ष्यांवर टिपणे प्रसिद्ध केली. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाशी संबंधित असलेले ई. ए. डाब्रेऊ यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातील पक्ष्यांची सूची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली. परंतु ज्या पद्धतशीर पाहण्यांवर द्वीपकल्पातील उपजातींचे ज्ञान उभे आहे, त्या या भूभागाच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी केली. तीत मराठवाडा आला, वर्धेचा समावेश नव्हता. १९३८-३९ मध्ये त्यांनी मध्य भारतातील ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, धार या संस्थानांचे पक्षी पाहिले. तीही वर्धेच्या उत्तरेस. संस्थानिकांनी खर्च उचलल्यामुळे या पाहण्या शक्य झाल्या होत्या. मध्य प्रांत हा ब्रिटिश अंमलाखालील मुलूख असल्याने तेथे तसा आश्रयदाता नव्हता, हे यामागचे एक कारण म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी मराठी पक्षिनामांचा कोश रचून ही उणीव नावांच्या बाबतीत भरून काढली; तथापि मापे घेतलेल्या व तारीख घातलेल्या नमुन्यांची जागा नावांनी भरून येत नाही.

बोरचे ६१.१० चौ. किमी. क्षेत्र १९७० मध्ये अभयारण्य झाले. २०१४ मध्ये सुमारे १३८ चौ. किमी. क्षेत्राला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. घोषणेच्या वेळी तो देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. पेंच, ताडोबा, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा या मोठ्या वनांना जोडणारा दुवा म्हणून त्याची निवड झाली. दुवा हा शब्द येथे वाघांच्या संदर्भात वापरला जातो. पण स्थलांतर करणाऱ्या वनपक्ष्यांनाही तो लागू पडतो. कापूस, सोयाबीन व तुरीच्या सलग शेतीच्या प्रदेशात सावलीच्या नाल्यांचे असे बेट रात्रीच्या प्रवासानंतर उतरण्यास सोयीचे पडते. जंगलाबाहेरही जुन्या आमराया व ओढ्याकाठची दाट झाडी त्याला पुरते. ती तुटली की, पक्षी नाहीसा झाला असे कोणाला जाणवतही नाही, कारण तेथे तो कोणी मोजलेला नसतो.

एकविसाव्या शतकात उपजातींचा हा आराखडा पुन्हा ढवळून निघाला. पिएर-आंरी फाब्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टर्प्सिफोनी वंशाचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. आजवर टर्प्सिफोनी पॅराडिसी या एकाच जातीचे मानलेले सर्व गट परस्परांचे सर्वांत जवळचे आप्त नाहीत, असे त्यात आढळले. त्यानुसार २०१५ च्या सुमारास प्रमुख जागतिक पक्षिसूच्यांनी तिचे तीन तुकडे केले. पॅराडिसी, ल्यूकोगॅस्टर व सिलोनेन्सिस या तीन उपजाती मिळून भारतीय स्वर्गीय नर्तक ही जात झाली. ॲफिनिस ही निराळी जात ब्लाइथच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि नेपाळ-आसामकडील सॅच्युरेटिऑर व निकोबारचा पक्षी तिच्याकडे गेले. चीन, कोरिया व रशियाचा अतिपूर्व भाग यांत वीण करणारा आणि हिवाळ्यात आग्नेय आशियात उतरणारा इन्सेई तिसरी जात ठरला. ब्लाइथ व गूल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वतंत्र मानलेली रूपे मधल्या काळात उपजाती झाली आणि आता पुन्हा जाती झाली आहेत. जुन्या पुस्तकांत या पक्ष्याच्या नावापुढे आशियाई हे विशेषण असे. त्या पुस्तकांतील प्रसाराचे नकाशे आता तीन जातींत वाटून वाचावे लागतात.

असाच फेरबदल हिवाळ्यात विदर्भात येणाऱ्या एका दुसऱ्या, खऱ्या माशीमाराच्या बाबतीत घडला. तांबड्या गळ्याच्या माशीमाराची पश्चिमेकडील फिसेड्युला पार्व्हा व सायबीरियाकडील ॲल्बिसिला ही दोन रूपे दीर्घकाळ एका जातीच्या उपजाती म्हणून नोंदविली जात. एकविसाव्या शतकात ती स्वतंत्र जाती म्हणून मान्य झाली. विदर्भातील निरीक्षकांच्या जुन्या वह्यांत दोहोंसाठी एकच नाव आहे. नराच्या गळ्यावरील तांबड्या रंगाचा विस्तार किंवा शेपटीवरील आच्छादक पिसांचा काळेपणा ज्यांनी लिहून ठेवला, त्यांच्याच नोंदी आता वेगळ्या करता येतात. स्वर्गीय नर्तकाच्या बाबतीत बोरच्या वनातील नोंदींना महत्त्व येते ते याच कारणाने. एप्रिल-मेमध्ये घरट्यावर पाहिलेला पक्षी बहुतेक निश्चितपणे पॅराडिसी उपजातीचा म्हणता येतो. ऑक्टोबरमध्ये त्याच नाल्यावर दिसलेल्या पक्ष्याबद्दल तारीख, नराचा रंग, शेपटीची लांबी व पोटाची छटा एवढे तरी लिहिलेले असावे लागते. ते नसल्यास त्याची नोंद जातीच्या नावापुढे नेता येत नाही.